एका बोटाचं काम

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसले होते. माझी मामेबहीण छाया हे सगळं सांगत होती, तेव्हा मी तिच्याच ओसरीत बसून शेंगा फोडत होते आणि तिची थट्टा करत होते. मग ती मला हाताला धरून अंगणात घेऊन गेली आणि तिथे उभी असलेली गाडी दाखवली...

त्यानंतर मी कधी भुतावरून कुणाची चेष्टा केलेली नाही.

भुताची गोष्ट म्हटलं की आपल्याला रात्रीचे बारा आठवतात. ही घडली सकाळी अकराला. लख्ख उन्हात. डिसेंबर महिना होता आणि मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. ठिकाण बुलडाणा जिल्ह्यात, जानेफळपासून सहा-सात किलोमीटरवरचं एक शिवार. गावाचं नाव सांगत नाही. छायाला अजून तिथेच नांदायचं आहे.

छायाचं घर शेतातच आहे. घरात माणसं तीन. छाया, तिचा नवरा हर्षल आणि हर्षलचे आजोबा, मोतीरामआबाजी. आबाजींचं वय चौऱ्याण्णव. हातात काठी असते, पण कान असे तिखट की दोन वावरं पलीकडे कुणी शिव्या दिल्या तरी नेमक्या कुणाला दिल्या ते सांगतील.

आबाजींना एक सवय होती.

त्यांच्या उशाशी जाड कापडाचे चार जुने पट्टे असायचे. चारही पट्टे मध्ये एका पितळी खुंटीत अडकवलेले. खुंटीला एक बारीक चाप. आबाजी बोटानं चाप ओढायचे आणि चारही पट्टे सुटून पडायचे. मग पुन्हा अडकवायचे. पुन्हा ओढायचे.

टक्.

दिवसातून पन्नास वेळा. टक्. नवी नवरी होती तेव्हा छायाला त्या आवाजानं झोप लागायची नाही. एके दिवशी तिनं विचारलंच.

"आबाजी, हे काय होय?"

आबाजींनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं.

साल १९४४. मोठ्या लढाईचे दिवस. आबाजी तेव्हा तेरा वर्षांचे. कुठल्याशा छावणीतली शिकाऊ वैमानिकांची दोन विमानं त्यांच्या शिवारावर आली होती. एकावर एक असे दोन-दोन पंख असलेली. प्रत्येकात पुढे शिकवणारा, मागे शिकणारा. सकाळी अकराचा सुमार. एक विमान उत्तरेकडून आलं, एक दक्षिणेकडून. वर बघावं तर वरचा पंख आडवा येतो, खाली बघावं तर खालचा. दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही.

विहिरीजवळच्या वावराच्या बरोबर वर ती एकमेकांवर आदळली.

चार माणसं होती. तीन पडताक्षणी गेली. चौथा जिवंत होता. मागच्या सीटवर बसलेला, पट्ट्यांनी बांधलेला. गोरा होता की आपल्यातलाच होता, ते आबाजींना कधीच कळलं नाही. तोंडावर नुसतं रक्त आणि तेल होतं. सगळं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. जवळ कुणी जाईना. एकटा मोतीराम धावला.

"बैल जुवाखाली पडला का आपन त्याच्या मानेचं जोतं वढतो, लगेच सुटते," आबाजी म्हणाले. "मी तसेच ते पट्टे वढले. ते आनखीच आवळले. तो छातीवर हात मारून राह्यला होता. ठप, ठप. मले वाटलं, पानी मांगते. मी इहिरीवर पयालो."

"मंग?"

"तांब्या घेऊन आलो तं जाळ लागला होता."

छायानं त्यांच्या हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"दुसरं विमान जळलं नव्हतं. त्यातला हा पट्टा. मी लपवून आनला. सांजच्याले कुटाराच्या ढिगात बसून पाह्यलं तं हा चाप दिसला. तो पानी नव्हता मांगत वं पोरी. 'हे वढ' म्हनत होता. एका बोटाचं काम होतं." त्यांनी चाप ओढला. टक्. "मले एकडाव त्याच्या छातीवरचा चाप वढायचा हाय. मंग मरन आलं तरी चालते."

ऐंशी वर्षं हा माणूस ते बक्कल उघडत बसला होता. एवढं एकच त्याला हवं होतं.

त्या वावरात आबाजींनी ज्वारीशिवाय कधी काही पेरलं नाही. हर्षलनं मात्र तिथे शेडनेट उभं केलं. आमच्याकडे आता बरेच जण करतात. मिरचीचं बी तयार करायचं असतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेल्या तारा आणि सगळीकडून पांढरं जाळीचं कापड. उभं राहिलं त्या दिवशी आबाजी काठी टेकत बांधापर्यंत आले आणि तिथेच थबकले.

"नळ्या, तारा अन् कापड," ते म्हणाले. "तेही असंच व्हतं. काऊन उभं केलं बे तू हे पुन्हा?"

"आबाजी, मी मिरची लावून राह्यलो, विमान नाही उडवून राह्यलो," हर्षल हसून म्हणाला.

आबाजी त्या शेडनेटमध्ये कधी गेले नाहीत.

आता त्या गुरुवारचं.

हर्षल दर्शनाला शेगावला गेला होता. छाया सकाळपासून चार बायांना घेऊन शेडनेटमध्ये होती. काम नाजूक असतं. एका जातीच्या फुलाला दुसऱ्या जातीचं पोलन, म्हणजे पराग, हातानं लावायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. बाहेरची एक मधमाशी जरी आत शिरली आणि भलतंच पोलन लावून गेली, तरी बी नासतं. कंपनीचा माणूस येतो, बघतो आणि सगळा प्लॉट बाद करून जातो. म्हणून तिथे एकामागे एक अशी दोन दारं. दोन्हींना बॅगेला असते तशी चेन. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम. छाया त्या नियमाची इतकी पक्की की तिच्या बाया तिला मागून 'चेनवाली बाई' म्हणायच्या.

अकरा वाजत आले. बाया जेवायला बाहेर गेल्या. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली त्यांनी डबे सोडले.

"चला न जेवाले," कलाबाई म्हणाली. कलाबाई त्या चौघींतली म्होरकी.

"एवढी एक ओळ करून येतो. बसा तुमी."

छाया एकटी आत राहिली. अंगात साडीवर हर्षलचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. मोबाईल बाहेर लिंबाला टांगलेल्या पिशवीत होता.

सात-आठ फुलं झाली असतील...

गुंऽऽऽ.

छायाचा हात थांबला.

मधमाशी!

तीन महिन्यांची मेहनत होती. तिनं आधी काय केलं असेल? तुम्ही-आम्ही दार उघडून माशी हाकलली असती. शेडनेटवाली बाई तसं करत नाही. ती धावत गेली आणि दोन्ही दारांच्या चेन आतून खालपर्यंत ओढून घेतल्या. खालच्या फटीवर मातीचं ढेकूळ सारलं. एक आत आलीच होती, दुसरी येऊ नये म्हणून.

स्वतःला तिनं स्वतःच्या हातानं कोंडून घेतलं.

मग रुमाल हातात घेऊन ती माशी शोधू लागली. आवाज उत्तरेच्या कोपऱ्यात होता. ती तिथे गेली. माशी नाही. फुलं वाकवून पाहिली, पानांखाली पाहिलं. काही नाही. आवाज मात्र चालूच. आणि तो झाडांतून येतच नव्हता...

तो वरून येत होता.

एवढ्यात दक्षिणेकडूनही तसाच आवाज सुरू झाला.

गुंऽऽऽ.

आता दोन झाले.

छायानं मान वर केली. छताचं पांढरं कापड उन्हानं तळपत होतं. त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात एक आडवी सावली त्या कापडावरून सरकत गेली. घार असेल म्हणावं, तर आपल्याकडची घार बैलगाडीएवढी नसते.

आणि मग वास आला...

पेट्रोलचा.

त्या विहिरीवर विजेची मोटर आहे. त्या वावरात पेट्रोलचा थेंबही नसतो.

आता तिला मधमाशी नको होती, बी नको होतं, काही नको होतं. बाहेर पडायचं होतं. ती दाराकडे धावली. चेन ओढली.

चेन हलेना.

तिनं दोन्ही हातांनी ओढली. दातांनी ओढली. नखं तुटली. मग ट्रॅक्टर आत न्यायला पलीकडे ठेवलेल्या मोठ्या दाराकडे पळाली. ते बाहेरून बांधलेलं होतं, ते तिला ठाऊक होतं, तरी पळाली.

"कलाबाईऽऽ!"

बाया वीस पावलांवर बसल्या होत्या. जाळीतून धूसर दिसत होत्या. भाकरी मोडत होत्या, हसत होत्या.

"कलाबाई! दार उघडा!"

कलाबाईनं शेडनेटकडे सरळ पाहिलं. छाया दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. कलाबाईनंही हात हलवला. आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

छाया सांगते, त्या क्षणी तिला रडूच फुटलं. माणसं समोर आहेत, बघताहेत, आणि तरी कुणी येत नाही. याच्याएवढं एकटेपण तिनं आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं.

दोरा कापायचा विळा टोपलीत होता. टोपली मधल्या ओळीत. ती त्या ओळीत शिरली. वरचे दोन्ही आवाज आता मोठे झाले होते. पोटात घुमत होते. एक या अंगानं येत होता, एक त्या अंगानं. आणि तिला एकदम उमगलं, हे दोन्ही आपल्या डोक्यावर येऊन भेटणार आहेत.

ती मटकन खाली बसली. कान झाकले. आता आदळणार. आता...

दोन्ही आवाज बंद झाले.

काहीही आदळलं नाही.

चिमण्या गप्प. विहिरीवरची मोटर गप्प. बायांचं हसणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. शेडनेटमध्ये एक पानसुद्धा हलत नव्हतं.

छाया उठायला गेली.

उठता येईना.

तिची पाठ एका नळीला टेकलेली होती. दोन्ही खांद्यांवर काहीतरी जड आवळलं गेलं होतं. दोन्ही मांड्यांवरही. तिनं खाली पाहिलं. काही नव्हतं. पण अंगातला हर्षलचा शर्ट खांद्यापासून छातीपर्यंत दोन रुंद पट्ट्यांत दाबला गेला होता. बघता बघता आणखी दाबला जात होता...

तिनं ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तोंडात तेलाची चव होती.

आणि तिचा उजवा हात वर आला. तिनं उचलला नव्हता. तो तिच्या छातीवर पडला.

ठप.

पुन्हा उठला.

ठप. ठप.

पेट्रोलचा वास वाढत होता. कुठेतरी चर्रर्र असा बारीक आवाज सुरू झाला होता. तव्यावर पाणी पडतं तसा. छायाला कळून चुकलं, आता जाळ येणार. ती ठप ठप करत होती आणि जाळीपलीकडे बाया भाकरी खात होत्या.

तेवढ्यात जाळीवर एक वाकलेली सावली आली.

कापड फाटल्याचा आवाज झाला. फाटक्या जागेतून आधी विळा आत आला, मग काठी, मग आबाजी. जो माणूस या शेडनेटच्या सावलीलाही कधी उभा राहिला नव्हता, तो घरापासून अर्धा फर्लांग चालत आला होता. धाप लागलेली. पायात चप्पल नाही.

त्यांनी दोन्ही आवाज ऐकले होते.

ते ओळीतून चालत आले आणि छायासमोर गुडघ्यांवर बसले. तिच्या छातीवर आपटणाऱ्या हाताकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हाव, हाव," ते म्हणाले. "समजलं मले. आता समजते मले, सायेब."

त्यांनी छायाचा हात हळूच बाजूला केला. मग आपलं एक बोट तिच्या छातीपासून चार बोटं दूर, मोकळ्या हवेत नेलं. बोट वाकवलं. ओढलं.

टक्.

छायानं तो आवाज ऐकला. खांदे एकदम हलके झाले. मांड्या सुटल्या. आणि तिच्यामागून... तिच्यातून... कुणीतरी उठलं. आबाजींनी फाडलेलं कापड आतून बाहेर फडफडलं. बाहेर चिमण्या ओरडू लागल्या. विहिरीवरची मोटर सुरूच होती.

"गेला," आबाजी म्हणाले. आणि मांडी घालून, डोक्याला हात लावून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसाला असं रडताना छायानं कधी पाहिलं नव्हतं.

बाया धावत आल्या. कलाबाई फाटलेली जाळी बघून कपाळावर हात मारत होती.

"मी बोंबलून राह्यली होती, कलाबाई," छाया म्हणाली. "तुमी पाह्यलं माह्याकडं."

"माय वं! तुमी तं हात करून राह्यल्या होत्या. आमाले वाटलं, 'जेवा तुमी' म्हनता."

तिनं आबाजींकडे पाहिलं. आबाजी जमिनीकडे बघत होते.

पुढचे पंधरा दिवस घरात फार सुखाचे गेले. आबाजींनी ते पट्टे भिंतीवरच्या खुंटीला टांगून टाकले. पुन्हा हात लावला नाही. गाढ झोपायचे, दोनदा मागून जेवायचे. छायाच्या खांद्यांवर दोन आणि मांड्यांवर दोन असे काळेनिळे पट्टे उमटले होते, ते मात्र जाईनात. मेहकरच्या डॉक्टरनं अ‍ॅलर्जी म्हणून मलम दिलं. डॉक्टर बिचारा तरी काय म्हणणार?

मग आबाजींनीच विषय काढला. शेगावला जायचं.

"महाराजांचे पाय धरतो. अन् त्याले टेशनावर सोडतो."

"कोनाले, आबाजी?"

"सुटला हाय, पन जाईन कुठं तो? रस्ता ठावं नाही त्याले. इथंच फिरून राह्यला अंगनात. शेगाववरून मोठ्या गाड्या जातात. कुठं घर असन त्याचं, जाईन आपला."

हर्षलला हे पटलं नव्हतं, पण म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्यानं गुरुवारी गाडी काढली. आबाजी मागे बसले, त्यांना धरायला छाया मागे बसली. पुढची डावी सीट रिकामी. गाडी फाट्यावर आली आणि...

टिंग. टिंग. टिंग.

पुढच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की वाजतं, ते.

सीटवर पिशवीसुद्धा नव्हती.

"सेन्सर गेलं वाटते," हर्षल म्हणाला.

"वाजू दे," आबाजी म्हणाले. "तो बसला हाय."

हर्षलनं आरशातून छायाकडे बघून डोळे मिचकावले. छायाला हसू आलं नाही.

"हर्षल, त्याले बांधू नको बरं. वाजलं तं वाजू दे. शेगाव येईस्तोवर बांधू नको. शपथ हाय तुले माही."

"हाव आबाजी. नाही बांधत."

टिंग. टिंग. पन्नास किलोमीटर ते वाजत होतं. थांबायचं, परत सुरू व्हायचं. आबाजींना त्याचा त्रास नव्हता. ते पुढच्या रिकाम्या सीटकडे बघून मधूनमधून मान हलवत होते. खामगाव मागे पडलं. शेगाव आता पंधरा-सोळा किलोमीटर. आबाजींचा डोळा लागला. छायाचाही लागला. तिला आजही तेच खातं. आपण जागं राहायला हवं होतं.

हर्षल वाईट माणूस नाही हो. कान किटले होते त्याचे. असं वाजायला लागलं की आपण सगळेच जे करतो, तेच त्यानं केलं. डावा हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खाचेत घातला.

टक्.

आबाजी ताडकन उठून बसले.

"काय केलं बे?"

टिंग थांबलं होतं.

"काय केलं तू, हर्षल?"

हर्षलनं गाडी कडेला घेतली. "आबाजी, रिकामी सीट हाय ती. हे पाहा, काढतो..." त्यानं लाल बटण दाबलं.

पट्टा सुटला नाही.

पुन्हा दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मग तो दाबायचा थांबला आणि हळूहळू मागे सरकून दाराला पाठ लावून बसला. छायानं वाकून पुढे पाहिलं...

पट्टा सीटला टेकलेला नव्हता.

वीतभर पुढे होता. मधे हवा. आणि मधली ती हवा पट्ट्याला हळूच पुढे ढकलत होती, पुन्हा मागे घेत होती.

तरी ते शेगावला गेले. आबाजींचा हट्ट होता. स्टेशनासमोर गाडी उभी केली, पुढचं दार सताड उघडलं. आबाजी रस्त्यावर बसून बटण दाबत राहिले. लोक बघत होते. मुंबईकडची गाडी आली, गेली. नागपूरकडची आली, गेली. रिकाम्या सीटवरून कुणी उतरलं नाही.

दर्शन तसंच राहिलं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. गाडी छायाच्या अंगणात उभी आहे. हर्षल मोटरसायकलवर फिरतो. मेहकरहून एक मिस्त्री आला होता पट्टा कापायला. त्यानं कात्री लावली, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. काय झालं ते सांगितलं नाही. चहासुद्धा न पिता गेला.

आबाजी रोज सकाळी त्या गाडीत जाऊन बसतात. ड्रायव्हरच्या सीटवर. अंगठा लाल बटणावर. त्यांना जेवायला हाक मारावी लागते.

मी गेले त्या दिवशी छायानं मला अंगणात नेलं ते अकराच्या सुमाराला. ऊन रणरणत होतं. मी नुकतंच तिला हसून घेतलं होतं. "आबाजींले पानी नेऊन देतं का?" ती म्हणाली आणि माझ्या हातात तांब्या दिला. ती स्वतः गाडीच्या जवळ आली नाही.

मी गाडीजवळ गेले. आबाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाकून आत पाहिलं. पट्टा वीतभर पुढे होता. मी मनाशी म्हटलं, प्लॅस्टिकचा असेल, उन्हानं ताठला असेल. आणि तेवढ्यात रिकाम्या सीटवरून आवाज आला...

ठप.

ठप. ठप.

"आबाजी," मी कशीबशी म्हणाले, "पाणी."

त्यांनी तांब्याकडे पाहिलं. भेदरलेल्या नजरेनं.

"ने ते," ते म्हणाले. "मी नाही जात आता पान्याले. ने ते इथून."

आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

मी तांब्या तसाच भरलेला परत नेला. अर्धं पाणी अंगणातच सांडलं.